आधी छप्पर

पुण्याहून लोणावळ्याला जाणाऱ्या लोकलने मी जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात मळवलीला उतरलो. फलाटावर निम्मी गर्दी रेनकोट घातलेल्या पोरांची होती. त्यांना लोहगड-विसापूर गाठायचा होता, मला भाज्याची लेणी. द्रुतगती मार्ग ओलांडला की दोन्ही बाजूंना भातखाचरं लागतात. लावणी निम्म्याहून जास्त उरकली होती. वाटेत एका शाळेचं मैदान दिसलं. त्यात घोटाभर पाणी होतं आणि कबड्डीची आखलेली रेघ त्या पाण्याखाली कुठेतरी होती. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत ते मैदान असंच राहणार. लोणावळ्याच्या या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. साडेतीन महिने इथल्या मुलांना खेळायला जमीन नसते.

लेण्यांच्या पायऱ्या चढून चैत्यगृहाच्या तोंडाशी गेलो. बाहेर धबधबा, आत कोरडं. पूर्वी या तोंडाशी लाकडी दर्शनी पडदा होता. तो गेला, पण त्याच्या खुंट्यांची भोकं कातळात राहिली. लेणं पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे पावसाची झड दारातून थोडी आत येते. चार पावलं पुढे गेलं की एक थेंब नाही. डोळे अंधाराला सरावले, मी वर पाहिलं, आणि ज्यासाठी आलो होतो ते दिसलं : कातळाच्या छताला आतून लावलेल्या लाकडी फासळ्या. एखादी होडी उलटी करून डोक्यावर धरावी तसं ते छत दिसतं.

मी एक प्रश्न घेऊन भाज्याला गेलो होतो. आपल्या शहरांतून, तालुक्यांतून बहुउद्देशीय क्रीडागृहं बांधली जातात; ती कशी असावीत? हा प्रश्न लेण्यात का न्यावा, असं कुणाला वाटेल. मोठ्या छपराखाली पुष्कळ माणसांनी एकत्र जमायचं, मध्ये खांबांची अडचण नको, उजेड हवा, पाऊस नको, ही गरज महाराष्ट्रात पहिल्यांदा ज्यांनी सोडवली त्यांचा हिशेब आज फक्त या डोंगरांत वाचता येतो. त्यांनी बांधलेली लाकडी सभागृहं केव्हाच कुजून गेली. कातळात उतरवलेली त्यांची नक्कल राहिली.

इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं हे काम. जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांनी १८८० साली लेण्यांवरचा आपला मोठा ग्रंथ काढला. त्यात भाज्याची मापं आहेत : दालनाची लांबी ५९ फूट, रुंदी २६ फूट ८ इंच, २७ साधे अष्टकोनी खांब, प्रत्येकाची उंची ११ फूट ४ इंच. खांब आणि भिंत यांच्यामधली प्रदक्षिणेची वाट जेमतेम साडेतीन फूट. ही मापं मी वहीत उतरवून नेली होती. शेजारी आणखी एक माप लिहिलं होतं : बॅडमिंटनचं कोर्ट, ४४ फूट बाय २० फूट. दोन्ही वाटा वजा केल्या की मधल्या दालनाची रुंदी २० फुटांच्या किंचित आत भरते. माणसांच्या एका समुदायाला ऐसपैस वाटावी अशी रुंदी आणि दोन-चार माणसांना धावून पुरी करता यावी अशी रुंदी, दोन हजार वर्षांच्या अंतराने जवळजवळ एकाच आकड्यावर आली आहे. यातून कुठलाही सिद्धान्त निघत नाही. पण माणसाचा हात, पाऊल आणि नजर यांचा आवाका बदललेला नाही, एवढं मला त्या अंधारात उभं असताना पटलं.

आता खांबांकडे नीट बघा. ते सरळ उभे नाहीत. दोन्ही बाजूंचे खांब वर जाताना सुमारे पाच इंच आत कललेले आहेत. चित्रात हे लक्षात येत नाही, प्रत्यक्ष उभं राहिलं की कळतं. वाकवलेल्या लाकडाचं अर्धगोल छप्पर आपल्या वजनाने खांबांना बाहेर रेटतं. तो रेटा सोसायला सुतार खांब आत झुकवून रोवत असे. कातळ कोरताना असला रेटा नसतो. डोंगर पोखरून जागा केली, छप्पर कुठे पडणार नाही. तरीही कोरणाऱ्याने खांब तिरकेच ठेवले, कारण त्याच्या डोळ्यांसमोर खरं लाकडी सभागृह होतं आणि खांब तिरका असला तरच छप्पर पेललं जातं हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. पुढे कार्ल्याच्या लेण्यात खांब ताठ झाले. तोवर लाकडाची आठवण पुसट झाली असावी.

डोक्यावरच्या फासळ्यांमधल्या काही मूळच्या आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यावर पुरातत्त्ववेत्ते म. ना. देशपांडे यांनी इथल्या लाकडावरचे ब्राह्मी लेख उजेडात आणले. लाकूड आणि अक्षर दोन्ही टिकलं ते केवळ कोरडं राहिल्यामुळे. मावळातल्या पावसात दोन हजारांहून जास्त पावसाळे कोरडं राहिलेलं लाकूड! क्रीडागृहाच्या लाकडी जमिनीचं तिसऱ्या वर्षी काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी या वाक्यापाशी थोडं थांबावं.

०

मी पाहिलंय. शाळा संपून कॉलेजात गेलो त्या वर्षी मी एका शहरातल्या सार्वजनिक बॅडमिंटन हॉलमध्ये जाऊ लागलो. शहराचं नाव महत्त्वाचं नाही. असे हॉल पुष्कळ आहेत. लोखंडी कैच्या, वर पन्हाळी पत्रे, एका टोकाला भाषणासाठी उंच स्टेज, दुसऱ्या टोकाला पश्चिमेकडे काचेच्या खिडक्या. पाऊस सुरू झाला की पत्र्यावर असा आवाज होई की शिकवणाऱ्या सरांची सूचना पलीकडच्या कोर्टवर पोचत नसे. सर हाताने खुणा करत. संध्याकाळी पाच ते साडेसहा या वेळात पश्चिमेच्या कोर्टवर कुणी खेळायला तयार नसे, कारण उन्हाच्या तिरिपेत पांढरं फूल, म्हणजे शटल, दिसत नाही. एप्रिलमध्ये पत्रा तापला की एक्झॉस्ट पंखे लावावे लागत, आणि पंखे लावले की फूल वाऱ्याने सरके. सर म्हणायचे, इथे खेळणाऱ्याला आधी हॉलशी खेळावं लागतं, मग समोरच्याशी. लग्नसराईत आठ-आठ दिवस हॉल बंद. मंडपवाल्यांनी जमिनीवर ओढलेल्या लोखंडी खुर्च्यांचे चरे आम्ही पुढच्या महिन्यात पायाने मोजत असू. तिसऱ्या पावसाळ्यात दोन छपरांच्या मधली पन्हळ तुंबली, पाणी भिंतीतून आत आलं, आणि सागवानी फळ्या फुगून मध्ये उंचवटा झाला. ते कोर्ट पुढे कधीच दुरुस्त झालं नाही.

यातली एकही गोष्ट पैसे कमी पडल्यामुळे झाली नव्हती. सगळ्या कागदावर टाळता आल्या असत्या. खिडक्या पश्चिमेला ठेवायच्या की उत्तरेला, याला खर्च सारखाच येतो. दोन उतारांच्या मध्ये पन्हळ न घेता एकच मोठं छप्पर दोन्हीकडे उतरतं केलं तर खर्च फारसा वाढत नाही. उजेडाची दिशा मुंबईच्या गिरणगावातल्या कारखानदारांना शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होती. गिरण्यांचं करवती छप्पर उत्तरेकडे उघडं असे, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो आणि त्यात सूत तुटलेलं दिसतं. ज्या उजेडात सूत दिसतं त्यात फूलही दिसतं.

०

पॅव्हेलियन हा शब्द मराठी माणसाच्या कानावर रेडिओच्या समालोचनातून आला. फलंदाज बाद झाला की पॅव्हेलियनमध्ये परततो. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ तंबू, आणि तो आला फुलपाखराच्या लॅटिन नावावरून. ताणलेल्या कापडाचे दोन पंख लोकांना तसे दिसले. म्हणजे आपला मांडव. भिंती दुय्यम, छप्पर मुख्य. क्रीडागृहाला मांडव म्हणून पाहिलं की पुष्कळ गोष्टी आपोआप जागेवर येतात.

आपल्याकडे खेळाला छप्पर नव्हतं असं नाही. तालमीला होतं. पुण्यातली चिंचेची तालीम किंवा कोल्हापुरातली कुठलीही जुनी तालीम पाहा. दार बुटकं, वाकूनच आत जायचं. समोर मारुती. मध्ये हौद, त्यात तेल, ताक, हळद घालून मळलेली लाल माती. उजेड बेताचा, हवा गार. ही वास्तू एकाच खेळासाठी होती आणि त्या खेळाला ती अंगच्या कपड्यासारखी बसली होती. प्रेक्षकांसाठी मात्र तिच्यात जागा नव्हती. ती जागा राजर्षी शाहू महाराजांनी केली. १९०२ च्या युरोपच्या प्रवासात त्यांनी रोममधली प्राचीन क्रीडांगणं पाहिली आणि पुढे कोल्हापुरात खासबाग मैदान उभं केलं. ते १९१२ मध्ये पुरं झालं. मध्ये हौद, भोवती सगळीकडून चढत जाणारा उतार. खांब नाही, छप्पर नाही, आणि कुठेही बसलं तरी पुढच्याचं डोकं आड येत नाही. हजारो माणसांची नजर एका हौदावर आणायची कशी, हे कोल्हापूरने तेव्हाच सोडवून ठेवलं होतं.

मग माती सुटू लागली. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरले तेव्हा मातीत घडलेलं त्यांचं अंग मॅटवर नवखं होतं. तिथे ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मधल्या चार वर्षांत त्यांनी स्वतःला मॅटवर आणलं. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत आपले एकेक खेळ त्याच वाटेने गेले. खो-खोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले, ते उघड्या मैदानासाठी. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला तो छपराखाली, मॅटवर. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही चषक जिंकले, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. प्रो कबड्डीचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी वरळीला नॅशनल स्पोर्ट्स क्लब ऑफ इंडियाच्या (एनएससीआय) घुमटाखाली खेळला गेला. तारीख पाहा. भर पावसाळा. मातीतल्या कबड्डीला त्या दिवशी मुंबईत मैदान मिळालं नसतं.

हे खेळ आत आले याचं मला दुःख नाही. पण ते आत आले, आणि आत कुठे यायचं याची व्यवस्था गावात झालेली नाही. दिल्लीला मॅटवर खेळणारी मुलगी गावात कशावर सराव करते, हा प्रश्न आता पहिला झाला आहे.

०

वरळीचा तो घुमट १९५७ चा. त्याच वर्षी रोममध्ये एक छोटं क्रीडागृह पुरं झालं, १९६० च्या ऑलिंपिकसाठी. अभियंता पिएर लुइजी नेर्वी, वास्तुरचनाकार अॅनिबाले व्हितेलोत्सी. साधारण ६० मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, आतून सूर्यफुलाच्या मधल्या भागासारखा विणलेला. तो जमिनीवर आधीच ओतून ठेवलेल्या तुकड्यांतून जुळवला गेला. भाज्याहून परतल्यावर मी त्याची छायाचित्रं पुन्हा काढून बसलो, आणि आजवर न दिसलेली गोष्ट दिसली. घुमटाच्या कडेने ३६ बेचकी खांब आहेत, इंग्रजी वाय अक्षरासारखे, आणि ते सगळे तिरके आहेत. घुमटाचा रेटा जसा खाली आणि बाहेर येतो त्याच तिरपाने ते जमिनीत गेले आहेत. भाज्याच्या कोरणाऱ्याने पाच इंचांत जे केलं तेच नेर्वीने काँक्रीटमध्ये, उघडपणे, इमारतीचा चेहरा म्हणून केलं. घुमट आणि बेचक्या यांच्यामधून, कडेच्या काचांतून उजेड आत येतो. तिथे शोभेसाठी म्हणून वेगळं काही लावावं लागलं नाही. छप्पर कसं उभं आहे हे दाखवलं, तेवढं पुरलं.

मावळातही जगातल्या नामवंत हातची एक क्रीडावास्तू आहे, द्रुतगती मार्गावरून दिसते : गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम. लंडनच्या हॉपकिन्स आर्किटेक्ट्सनी ते रेखलं आणि २०१२ मध्ये ते खुलं झालं. सुमारे ३७ हजार माणसांची जागा. मायकेल हॉपकिन्स यांचं नाव लॉर्ड्सच्या माउंड स्टँडमुळे झालं. १९८७ साली त्यांनी जुन्या विटांच्या कमानींवर पांढऱ्या कापडी तंबूंची रांग उभी केली, म्हणजे पॅव्हेलियनला त्याचा मूळ अर्थ परत दिला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचं सायकल शर्यतींचं बंदिस्त सभागृहही त्यांच्याच संस्थेचं. त्याचं छप्पर पोलादी दोरांच्या जाळीवर ताणलेलं आहे आणि दिवसा नैसर्गिक उजेडात सराव चालावा अशी त्याची रचना केली आहे. गहुंजेत मोठे सामने होतात तेव्हा लाखो डोळे टीव्हीवरून मावळ पाहतात. तेही हवं. पण भाज्याच्या वाटेवरच्या त्या पाण्यात बुडालेल्या रेघेला गहुंजेचा उपयोग नाही. तिला हवंय ते छोटं, जवळचं, रोज उघडं असणारं.

०

ते कसं असावं, याचा मी थोडा हिशेब मांडून पाहिला आहे. मी वास्तुरचनाकार नाही. खेळलो आहे, अनेक क्रीडागृहं हिंडलो आहे, मापं काढली आहेत.

मधली मोकळी जमीन ३६ मीटर बाय २२ मीटर धरा. बास्केटबॉलचं २८ बाय १५ चं कोर्ट भोवतीच्या मोकळ्या पट्ट्यासह तीत बसतं. खो-खोचं २७ बाय १६ चं मैदान बसतं. कबड्डीची १३ बाय १० ची दोन मैदानं शेजारी शेजारी बसतात, बॅडमिंटनची चार कोर्टं बसतात. व्हॉलीबॉल आरामात. म्हणजे एका तालुक्याच्या गावाचे जवळजवळ सगळे खेळ. आता उंची. व्हॉलीबॉलला किमान ७ मीटर मोकळे लागतात. बॅडमिंटनच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना १२. तालुक्याला १२ ची गरज नाही, पण ७ वर कैचीचा खालचा दांडा आणून ठेवला तर उंच उडालेलं फूल त्याला अडकतं. ९ असेल तर मुलं मोकळेपणाने खेळतात. सहज सांगतो, कार्ल्याच्या चैत्यगृहाची उंची सुमारे ४५ फूट आहे, म्हणजे १३ मीटरच्या वर.

भोवती चारही बाजूंनी चार-चार मीटरची ओसरी घ्यावी, तेच छप्पर खाली ओढून. ही ओसरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. झड भिंतीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे भिंतीला खालच्या बाजूला जाळ्या ठेवता येतात. पोराला सोडायला आलेली आजी तिथे बसते, म्हातारे कॅरम मांडतात, मॅट सुकतात. ओसरीच्या एका कोपऱ्यात तालमीचा हौद ठेवावा, खऱ्या लाल मातीचा. मॅट आली म्हणून माती घालवायचं कारण नाही.

ओसरीसह छप्पर झालं ४४ बाय ३०, म्हणजे १३२० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. लोणावळ्याकडचे चार हजार मिलिमीटर धरले तर या एका छपरावर वर्षाला ५२ लाख ८० हजार लिटर पाणी उतरतं. दहा हजार लिटरचे पाचशेहून जास्त टँकर. ज्या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत वाड्यावस्त्यांवर हंडे घेऊन वणवण होते तिथे हे पाणी पन्हळीतून रस्त्यावर सोडणं हा गुन्हा मानावा. जोत्याखाली टाकी घेतली तर त्यातला थोडा हिस्सा तरी उन्हाळ्यापर्यंत राहील.

हवेचं कोडं सगळ्यांत अवघड आहे, आणि बहुउद्देशीय या शब्दाची परीक्षा इथेच होते. बॅडमिंटनला हवा स्थिर लागते. फूल पाच ग्रॅमचं, वाऱ्याच्या बारीक झुळकीनेही ढळतं. कुस्ती, कबड्डीला उलट, घामाने निथळणाऱ्या अंगांना वारा लागतो. दोन्ही एका छपराखाली हवं असेल तर खालच्या जाळ्यांना उघडझाप करता येतील अशा झडपा हव्यात आणि तापलेली हवा निघून जायला आढ्याजवळ कायमची वाट हवी. हवा वर चढून गेली तर फुलाला धक्का लागत नाही. जुन्या वाड्यांतल्या माळ्यावरच्या धुरांड्यांचं तत्त्व हेच. पत्रा वापरायचाच तर दुहेरी, मध्ये उष्णता आणि आवाज शोषणारा थर घालून. बॅडमिंटनच्या कोर्टमागची भिंत गडद रंगाची आणि खिडकीविना हवी, दिवे कोर्टच्या डोक्यावर नकोत, बाजूंना हवेत. हे सगळं छपराआधी ठरलं पाहिजे, कारण दिवे छपराला टांगायचे असतात.

टांगण्यावरून आणखी एक. मल्लखांब हा आपला खेळ, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट देवधरांनी त्याला रूप दिलं. पुरलेल्या मल्लखांबाला जमिनीत पक्की खोबण लागते, झाकण ठेवता येईल अशी. दोरीच्या आणि टांगत्या मल्लखांबाला वर कडी लागते. त्या कडीवर मुलगी उंचावरून झोके घेते, तेव्हा तिच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ येते. कैची उभारून झाल्यावर तिला भोक पाडून कडी बसवायची नसते. ती कडी अभियंत्याच्या आकडेमोडीत पहिल्या दिवशी असावी लागते. मी पाहिलेल्या बहुतेक क्रीडागृहांत ती नाही. एक कडी नसते, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा खेळ बाहेर राहतो.

मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह ओसरीच्या उजेडातल्या बाजूला असावं, मागच्या अंधाऱ्या बोळात नको. आईबाप मुलीला पाठवतात की नाही हे पुष्कळदा एवढ्यावरच ठरतं. चाकांच्या खुर्चीवरच्या खेळाडूला जोत्यावर चढायला उतार हवा आणि दार रुंद हवं. १९७२ साली हायडेलबर्गला अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले. त्यांच्या राज्यात उताराविना क्रीडागृह बांधलं जाऊ नये.

०

बहुउद्देशीय म्हणजे लग्नकार्य आणि सभा, हा अर्थ आपल्याकडे रूढ झाला आहे. मला त्या शब्दाचा एक वेगळा, जुना अर्थ आठवतो. १९८९ च्या जुलैत याच भाजे गावावर दरड कोसळली. माणसं गाडली गेली, घरं गेली. अशा रात्री वाचलेल्यांना नेऊन बसवायला, अंथरूण टाकायला, चूल पेटवायला कोरडी, मोठी, मजबूत जागा लागते. मावळात, कोकणात, साताऱ्याच्या डोंगरात ती गरज दर पावसाळ्यात कुठे ना कुठे पडते. २०२० मध्ये वरळीच्या घुमटाखाली करोनाच्या रुग्णांच्या खाटा लागल्या होत्या. प्रो कबड्डीचा पहिला सामना आणि महामारीतल्या खाटा, दोन्ही एकाच छताने पाहिलं. क्रीडागृह दरडीच्या वाटेत येणार नाही अशा जागी बांधलं, त्याला पाण्याची टाकी, वीज गेल्यावर चालणारे दिवे आणि पुरेशी स्वच्छतागृहं दिली, तर ते गावाचा निवारा होतं. हा उद्देश लग्नाच्या भाड्यापेक्षा मोठा आहे, आणि त्याने लाकडी जमिनीला चरेही पडत नाहीत.

महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा क्रीडा संकुलांची सरकारी योजना आहे, तिच्यातून इमारती उभ्या राहत आहेत आणि पुढेही राहतील. पुण्याजवळ बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेलं शिवछत्रपती क्रीडासंकुल दाखवतं की ठरवलं तर हे राज्य मोठं काम करू शकतं. आता काम लहान आहे आणि ते अनेक ठिकाणी करायचं आहे. लहान काम जास्त काळजीने करावं लागतं, कारण तिथे नावाजलेला परदेशी वास्तुरचनाकार येत नाही; एक अभियंता, एक ठेकेदार आणि गावातली चार जाणती माणसं असतात. त्या चौघांत उद्या तुम्ही असाल.

भाज्याहून उतरताना पाऊस थोडा ओसरला होता. शाळेच्या मैदानात तीन मुलं पाण्यात उभी राहून एका ओल्या चेंडूला लाथा मारत होती. चेंडू पाण्यात रुतायचा, ती हसायची, पुन्हा मारायची.

तुमच्या गावात क्रीडागृहाचा ठराव आला की बैठकीत एक रंगीत चित्र दाखवतील : समोरून दिसणारी इमारत, काचा, कारंजं, वर निळं आकाश. ते चित्र बाजूला ठेवायला सांगा. उभा छेद मागा, म्हणजे इमारत मधोमध कापली तर आतून कशी दिसेल ते रेखाटन. त्यात छप्पर किती उंच आहे, पाणी कुठून उतरतं, उजेड कुठल्या दिशेने येतो, तापलेली हवा कुठून निघते आणि मल्लखांबाची कडी कुठे आहे, हे बोट ठेवून विचारा. उत्तरं मिळाल्याशिवाय ठरावावर सही करू नका.